न लिहिलेलं अक्षर

थोरली परत आली त्याला आज नऊ दिवस झाले होते, आणि त्या नऊ दिवसांत अण्णांनी तिच्याशी बोलताना एकही क्रियापद धड वापरलं नव्हतं. 'आलास' म्हणायला जीभ धजत नव्हती आणि 'आलीस' म्हणायला वळत नव्हती. मग त्यांनी 'बाळ' शोधून काढलं. बाळ उठलं का, बाळ जेवलं का, बाळाला चादर द्या. बाळ ना तो, ना ती. त्याच्या आडोशाला अण्णा निवांत बसले होते.

"चौतीस वर्षांचं बाळ!" आत्या तिसऱ्या दिवशी म्हणाली होती. "पाळणा टांगू का आता?"

आत्या अण्णांची धाकटी बहीण. थोरलीची आई गेल्यापासून घर तिच्याच हातात होतं, आणि तिने उंबऱ्यावरच प्रश्न निकालात काढला होता. दार उघडलं, समोरच्या बाईकडे वरून खालपर्यंत पाहिलं, "किती वाळली आहेस," म्हणाली आणि हातातली पिशवी काढून घेतली. अण्णांना तिचा हेवा वाटला होता. एवढं सोपं असतं काही जणांना.

अण्णांचं घराणं ग्रंथ लिहिणाऱ्यांचं. आजोबा, वडील, अण्णा. तिघांनी उत्तरेच्या खिडकीखालच्या त्याच उतरत्या मेजावर हिब्रू धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या लिहिल्या होत्या. चर्मपत्र आखायचं, टाक तासायचा, प्रत्येक शब्द आधी मोठ्याने म्हणायचा आणि मगच लिहायचा. पाच ग्रंथांची ती एक गुंडाळी, तीन लाखांवर अक्षरं. एक अक्षर कमी पडलं तर गुंडाळी बाद, एक जास्त झालं तरी बाद. अण्णांच्या हाताला कंप सुटला तेव्हा ते साठीत होते. मग डोळे गेले. पुरते नाही, नजरेच्या बरोबर मध्ये एक डाग बसला. ज्याच्याकडे पाहावं तेच दिसेनासं होई आणि कडेकडेचं सगळं दिसत राही.

त्याआधी त्यांची विद्या थोरलीत उतरली होती. तेव्हा ती 'थोरला' होती, अण्णांचा मोठा मुलगा. आई गेली तेव्हा तिच्या नावाने एक गुंडाळी लिहून प्रार्थनाघराला द्यायची असं ठरलं, आणि ती थोरलीने एकटीने, वीस महिन्यांत लिहिली. अण्णांनी प्रत्येक रकाना तीनदा तपासला. इतकं सुंदर अक्षर त्या घरात कुणाचंच झालं नव्हतं, अण्णांच्या वडिलांचंही नाही. गुंडाळी प्रार्थनाघरात पोचली आणि आठव्या दिवशी थोरली एक बॅग घेऊन निघून गेली. का, ते सांगितलं नाही. सात वर्षं पत्रं येत राहिली: दूरच्या एका ग्रंथालयात जुने कागद दुरुस्त करायचं काम करतो, ठीक आहे, काळजी नसावी. सहा महिन्यांपूर्वीच्या पत्रात 'करतो'च्या जागी 'करते' आलं, आणि त्याखाली चार पानं त्याचा खुलासा.

नऊ दिवसांपूर्वी ती स्वतःच आली. दुसऱ्या दिवशी आईचा स्मरणदिन होता. ती आत्याबरोबर प्रार्थनाघरात गेली आणि बायकांच्या बाजूला जाऊन बसली. समोर तिचा धाकटा भाऊ उभा होता. तो तिथला वाचक; सभेपुढे ग्रंथ वाचायचं काम त्याचं. त्या दिवशी तो तिनेच लिहिलेल्या गुंडाळीतून वाचत होता. त्याने मान वर केली, बहिणीला पाहिलं आणि वाचत राहिला. आवाज हलला नाही. पण संध्याकाळपर्यंत लोकांनी दोन आणि दोन चार केले होते. गुंडाळी लिहिणारा जर बायकांत बसतो, तर ती लिहिली कुणी? आणि बाईच्या हातची गुंडाळी तर सभेत चालत नाही.

प्रश्न रीतसर काकांकडे गेला. काका म्हणजे अण्णांचे सख्खे भाऊ, आणि गेली तीस वर्षं त्या सभेचे न्यायपंच.

आज दुपारी त्यांचाच निकाल होता.

काका आले ते जोडे न काढताच कामाच्या खोलीत शिरले. "काका म्हणून आलो असतो तर आधी त्या खाटेवर आडवा झालो असतो," ते म्हणाले. "आज खुर्ची द्या."

धाकटा त्यांच्या मागोमाग आला. त्याच्या दोन्ही हातांत, तान्ह्या पोराला धरावं तशी, कापडात गुंडाळलेली ती गुंडाळी होती. त्याने ती मेजावर ठेवली आणि भिंतीला टेकून उभा राहिला. थोरली खिडकीपाशी स्टुलावर बसली होती. केस मागे बांधलेले, करडा साधा झगा, मांडीवर हात. अण्णांनी नजर थोडी बाजूला वळवली, म्हणजे ती दिसली.

"पाणी आणू?" आत्याने विचारलं.

"नको. आधी होऊन जाऊ दे." काकांनी घसा साफ केला. "नियम तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, तरी सांगतो. सांगावा लागतो. जुन्यांनी ठरवून दिलंय की ज्याच्यावर ही सगळी बंधनं पाळायची सक्ती आहे, त्यानेच ती लिहावीत. ती सक्ती पुरुषावर आहे. म्हणून पुरुषाने लिहिलेली गुंडाळी सभेत वाचायची, बाईने लिहिलेली नाही. आता ही कुणी लिहिली?"

"मी," थोरली म्हणाली.

"ते माहीत आहे गं. रे." काकांनी कपाळ चोळलं. "या व्याकरणाने जीव नकोसा केलाय माझा. हे बघ. आज तू कोण आहेस, हे मी विचारत नाही. तो प्रश्न माझ्यापुढे आलेला नाही आणि मी ओढून आणणार नाही. मला एकच वाक्य हवंय. सात वर्षांपूर्वी, टाक हातात होता तेव्हा, मी पुरुष होतो. बस. तेवढं म्हण, गुंडाळी जिथे होती तिथे परत जाईल आणि तू तुझ्या वाटेने."

अण्णांना हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. भाऊ हुशार होता. त्याने सगळ्यांना पुरेल एवढी वाट काढली होती.

"म्हणून टाक ना," धाकटा भिंतीपाशी उभ्याउभ्याच म्हणाला. लहानपणी तो तिला 'दादा' म्हणायचा. आता काहीच म्हणत नव्हता. हाकेच्या जागी तो किंचित थांबायचा आणि पुढे बोलायचा. "मी तुला काही विचारलंय का? नाव, कपडे, एका शब्दाने? आपल्याच ग्रंथात लिहिलंय, बाईने पुरुषाचा वेष घेऊ नये, पुरुषाने बाईचा घेऊ नये. मी ते दर वर्षी सभेसमोर वाचतो. तुझ्याच अक्षरात वाचतो. मी काढलं का ते तुझ्यापुढे?"

"आत्ताच काढलंस की," आत्या म्हणाली.

"आत्या, तू मध्ये बोलू नकोस. आईची आहे ती गुंडाळी. तिच्या नावाने दर आठवड्याला उघडतो मी ती. बाकी कुठून वाचायचं म्हटलं तर चाचपडायला होतं. तुझं अक्षर मला डोळे मिटून वाचता येतं. एका वाक्यासाठी ती जाऊ देणार आहेस तू?"

थोरली गुंडाळीकडे पाहत होती. मग म्हणाली, "ती वेषाची ओळ लिहायला मला तीन दिवस लागले. अण्णा, तुम्हाला आठवतं?"

अण्णांना आठवलं. पानावर आखणी तयार होती, दौत उघडी होती आणि पोर नुसतं बसून होतं. त्यांना वाटलं होतं, ताप आहे. काढा करून दिला होता.

"काका, त्या ओळीचा अर्थ जुन्यांनी काय लावलाय?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. तिला उत्तर माहीत होतं आणि ते त्यांनाही कळत होतं. "वेगवेगळे लावलेत."

"त्यातला एक सांगा ना."

"एक असा आहे," काका नाइलाजाने म्हणाले, "की नुसत्या कापडाला दोष नाही. वेष पालटून, आपण जे नाही ते भासवून लोकांत मिसळायचं, त्याला दोष आहे. फसवणुकीला."

"मग मी फसवत होते ते कधी, काका? तेव्हा की आता?"

काकांनी नजर खाली वळवली.

"म्हण गं बाई एकदाचं," आत्या अजीजीने म्हणाली. इतके दिवस ती थोरलीच्या बाजूने घरभर भांडत होती. पण मेजावरच्या त्या कापडाकडे पाहून तिचाही धीर सुटला होता. "शब्दच तर आहेत. तोंडाची वाफ. तुझी आई काय वर बसून तुला जाब विचारणार आहे? तू काय आहेस ते मला माहीत आहे, तुला माहीत आहे. यांच्या समाधानासाठी म्हण आणि मोकळी हो."

"आत्या, लिहायला बसायच्या आधी रोज सकाळी काय म्हणावं लागतं, ऐकलंयस ना तू? मोठ्याने?"

आत्याने ऐकलं होतं. पन्नास वर्षं त्या खोलीबाहेर वावरताना तिने तीन पिढ्यांच्या तोंडून ते ऐकलं होतं: हे मी पवित्र हेतूने, खऱ्या मनाने लिहायला घेत आहे.

"ते मी वीस महिने रोज म्हटलं. मनात कणभर खोट ठेवून म्हटलं असतं तर गुंडाळी तिथल्या तिथे बाद होती. मला सहाव्या वर्षापासून माहीत होतं मी कोण आहे. कुणाला सांगायचं ते माहीत नव्हतं. पण त्या मेजाशी बसले की मला वाटायचं, इथे तरी काही लपवावं लागत नाही; ज्याच्यासाठी लिहितेय त्याला माझा हात कुणाचा आहे ते ठाऊक आहे, आणि तरी तो लिहू देतोय. माझ्या आयुष्यातले तेवढेच वीस महिने मी अजिबात खोटं वागले नाही. आणि तुम्ही मला सांगताय, त्याच दिवसांबद्दल खोटं बोल." ती स्टुलावर सरळ बसली. "गुंडाळी गेली तर माझीच जाईल. मी यापेक्षा चांगलं काही केलेलं नाही, आणि आता होणारही नाही. तरी नाही म्हणणार मी ते."

आत्या हळूच खाटेच्या कडेवर बसली. "नको म्हणूस," ती पुटपुटली. "नको. चुकलंच माझं."

"झालं!" धाकटा म्हणाला. "आता तीही तिकडे गेली."

काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. अण्णांनी ती बैठक ओळखली. वडील अवघड निकाल द्यायच्या आधी असेच बसत.

"लिहिणाऱ्याचा शब्द मिळत नसेल," काका म्हणाले, "तर मला दुसऱ्याचा घेता येतो. एरवी नातलगाची साक्ष चालत नाही. पण हे माझं मूल कोण, हे सांगताना बापाचा शब्द धरतात. अण्णा, मी तुला विचारतो. जन्मापासून तू पाहिलंयस. या मेजापाशी तू कुणाला बसवलंस? मुलाला की मुलीला?"

सगळ्यांची तोंडं अण्णांकडे वळली. सरळ पाहिलं तर एकेका तोंडाच्या जागी तो डाग होता; ते खाली, जमिनीकडे पाहू लागले, तेव्हा कडेने सगळी दिसली.

त्यांना खोटं बोलावंही लागणार नव्हतं. त्यांनी मुलालाच बसवलं होतं. सहा वर्षांचं पोर, स्टूल पुरेना म्हणून खाली लाकडी खोकं ठेवलेलं, ओठाच्या कोपऱ्यातून जिभेचं टोक बाहेर. पहिलं अक्षर असं काढलं होतं की अण्णांनी बायकोला हाक मारून दाखवलं होतं: बघ, पोराचा हात बघ. 'पोराचा'च म्हणाले होते. ते आज खरं सांगायचं, एवढंच. बायकोचं नाव त्या गुंडाळीवर राहिलं असतं. धाकट्याचा आवाज त्या अक्षरांवरून दर आठवड्याला फिरत राहिला असता. आणि खिडकीपाशी बसलेल्या त्या बाईने उठून पिशवी भरली असती, काही न बोलता, सात वर्षांपूर्वीसारखीच. ती परत आली नसती. हे त्यांना तिथे, त्या क्षणी, लख्ख कळलं.

"गुंडाळी उघड," ते धाकट्याला म्हणाले.

"अण्णा, काकांनी तुम्हाला विचारलंय..."

"ऐकलंय मी. कान शाबूत आहेत. उघड, आणि विहिरीची गोष्ट काढ. घागर घेऊन पाण्याला येते ती."

धाकट्याने हात धुतले, कापड सोडलं, दोन्ही दांडे धरून गुंडाळी सरकवत नेली. त्याला शोधावं लागलं नाही. चर्मपत्राचा आवाज खोलीभर झाला. मग त्याने वाचायला सुरुवात केली: म्हातारा नोकर विहिरीपाशी थांबलेला, उंट बसलेले, आणि खांद्यावर घागर घेऊन ती मुलगी...

"थांब. काय म्हणालास?"

"मुलगी."

"लिहिलंय काय तिथे? वाचू नकोस. अक्षरं सांग."

धाकटा वाकला. "नून. आयिन. रेश."

"त्याचा शब्द काय होतो?"

"नआर."

"म्हणजे?"

"मुलगा," धाकटा म्हणाला.

"मग तू मुलगी का वाचलंस?"

"कारण तसंच वाचायचं असतं, अण्णा. नआरा. शेवटी 'हे' हे अक्षर लागतं, ते लिहिलेलं नाही. पण वाचणाऱ्याने धरायचं."

"अशा किती जागा आहेत?"

"पाचही ग्रंथांत मिळून मुलगी बावीसदा येते. एकवीस ठिकाणी ते अक्षर नाही. एकाच ठिकाणी आहे."

"लिहिणाऱ्याची चूक?"

"नाही. पहिल्यापासून तसंच आलंय. कुणी भरून काढायला गेलं तर गुंडाळी बाद."

"इतकी वर्षं वाचतोस. एकदा तरी अडखळलास? सभेतलं कुणी उठून म्हणालं का, अहो, इथे मुलगा लिहिलाय, तुम्ही मुलगी कसं वाचता?"

"नाही."

"कुणी शिकवलं तुला हे?"

धाकट्याने मान वर केली. "तुम्ही."

अण्णा खुर्चीचा हात धरून उठले. गुडघे कुरकुरले. ते मेजापर्यंत गेले आणि उघड्या रकान्यावर ओणवे झाले. तिथे त्यांना एक करडा डाग दिसला आणि त्याच्या चारी बाजूंनी त्यांच्या लेकीचं अक्षर.

"ही नऊ वर्षांची असताना, सरावाला लिहिताना, याच शब्दापाशी येऊन थांबली होती," ते म्हणाले. ते 'ही' म्हणाले आणि त्यांना ते कळलंही नाही. आत्याला कळलं, तिने पदर तोंडाशी नेला. "मला विचारलं, अण्णा, एक अक्षर राहिलंय, घालू का? मी म्हटलं, हात लावायचा नाही. आपल्या हाती जसं आलं तसंच पुढे द्यायचं. तर म्हणाली, मग तिला मुलगी कधी म्हणायचं? मी म्हटलं, वाचणारा तोंड उघडेल तेव्हा." ते थांबले. "मी तेव्हा नियम सांगत होतो. काय विचारलं जातंय, ते कळलंच नाही मला."

थोरलीने मान खाली घातली होती. तिचे खांदे हलत होते.

"माझ्या हाती एक मूल आलं, त्याच्यावर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. मी जसं लिहिलंय तसंच वाचत बसलो. चौतीस वर्षं. या विहिरीवरच्या पोरीला कुणी सभेत 'मुलगा' वाचलं असतं ना, तर मी त्याला बाकावरून उठवलं असतं, अडाणी म्हटलं असतं." ते काकांकडे वळले. "लिहून घे. या मेजापाशी मी माझ्या मुलीला बसवलं. तिने लिहिलं ते बरोबर लिहिलं. वाचायला मी चुकलो."

काका म्हणाले, "अण्णा, तू काय बोललास ते तुला कळतंय ना? मला दुसरी वाट ठेवली नाहीस."

"कळतंय."

"तुझ्या बायकोच्या नावाची गुंडाळी आहे."

"तिला अक्षर ओळखता यायचं. माझ्याआधी यायचं, बहुतेक."

काका उठले, मेजापाशी आले, आणि त्यांनीही वाकून पाहिलं. त्यांची नजर धड होती. ते बराच वेळ पाहत राहिले. "एका जुन्या पंडिताने," ते हळू आवाजात म्हणाले, "ग्रंथ कुणी लिहू नये याची यादी केली, त्यात बाईचा उल्लेखच केला नाही. विसरला की मुद्दाम सोडला, यावर पुढचे भांडतात. मी तरुणपणी ते वाचलं तेव्हा वाटलं होतं, कधीतरी उपयोगी पडेल. पण एका माणसाच्या न बोलण्यावर मी बाकी सगळ्यांच्या विरुद्ध निकाल देऊ शकत नाही. तेवढी माझी छाती नाही. कदाचित तेवढी विद्याही नाही." त्यांनी थोरलीकडे पाहिलं. "गुंडाळी सभेत वाचली जाणार नाही. बाद गुंडाळी पुरतात, पण ही पुरायचीही नाही. घरी राहील, अभ्यासाला. आणि निकालात लिहिणारीचं नाव मी लिहीन. लिहिणारीचं. चालेल?"

"चालेल, काका."

"चालेल म्हणे," काका म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. त्यांनी खाली बसून जोडे काढले, आत्याला बाजूला सरकवलं आणि खाटेवर आडवे झाले. "आता पाणी दे."

धाकट्याने गुंडाळी मिटली. दोन्ही बाजू नीट जुळवून, पट्टी बांधून, कापड चढवून. एकेक गोष्ट रोजच्यासारखी. मग तो दारापाशी गेला. "तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलंत," तो अण्णांना म्हणाला. "मला कुणी विचारलं नाही, मी काय वाचायचं." आणि जिना उतरून गेला. तो प्रार्थनाघराच्या वरच्याच खोलीत राहत असे, पण जेवायला रोज घरी येई. त्या रात्री आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

आठवडा तसाच गेला. आत्या दोनदा डबा घेऊन गेली. डबा घेतला, दार पुरतं उघडलं नाही. गल्लीत लोक अण्णांना पाहून बोलणं बदलत. एक जुना मित्र भर रस्त्यात म्हणाला, "या वयात हे कशाला ओढवून घेतलंस?" अण्णा म्हणाले, "वय झालंय म्हणूनच." गुंडाळी मेजावर होती. बायकोचं नाव प्रार्थनाघरातल्या गुंडाळ्यांच्या कपाटावरून काढलं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. थोरलीने रजा वाढवून घेतली आणि त्यांचे जुने, वाळवी लागलेले नमुन्याचे कागद काढून दुरुस्त करायला बसली. "ती पेटी कुठे ठेवलीस?" असं अण्णा तिला विचारू लागले होते, आणि "आज लवकर उठलीस," असंही. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा ती चिमट्यात कागद धरून तशीच थांबली होती. मग म्हणाली, "हो. ऊन चांगलं आहे."

वाचनाच्या दिवशी अण्णा प्रार्थनाघरात गेले नाहीत. आत्या गेली. परत येऊन तिने ओढणी खुंटीला लावली आणि न विचारताच थोरलीला सांगितलं, "तुझ्या आजोबांची जुनी गुंडाळी काढली होती. अक्षर पार उडालंय. तीनदा अडखळला बिचारा. एकदा तर मागून कुणीतरी शब्द सांगितला."

अण्णांना ते लागलं. आयुष्यात धाकट्याला कुणी मागून शब्द सांगितला नव्हता.

आत्या स्वयंपाकघरात गेली तोच जिन्यावर पावलं वाजली. दार उघडंच होतं. धाकटा आत आला, अंगावर अजून सभेतले कपडे होते. तो कुणाकडे पाहिना. सरळ मोरीवर गेला, हात धुतले, कोपरापर्यंत, आणि कामाच्या खोलीत येऊन मेजापाशी उभा राहिला.

"आजचा भाग माझ्याकडून नीट झाला नाही," तो गुंडाळीशी बोलावं तसं म्हणाला. "तो मला परत वाचायचाय."

थोरली उठून बाजूला झाली. त्याने कापड काढलं, पट्टी सोडली, भाग काढला. मग त्याचा हात हवेत थांबला. चर्मपत्राला बोट लावायचं नसतं, आणि ओळ दाखवायची चांदीची काडी प्रार्थनाघरात राहिली होती. थोरलीने मेजाच्या कप्प्यातून एक कोरा, न बुडवलेला टाक काढून त्याच्यापुढे धरला. तो त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्याने तो घेतला.

त्याने वाचायला सुरुवात केली. सकाळपासून वाचून आवाज बसला होता, पण दुसऱ्या ओळीला तो मोकळा झाला आणि चौथ्या-पाचव्या ओळीला नेहमीसारखा वाहू लागला. अण्णा उठून उभे राहिले. सभेत राहतात तसे, मेजाच्या कडेला हात टेकून. आत्या ओल्या हातांनी दारात येऊन थांबली.

मध्येच एका जागी धाकटा अडला. "ही ओळ दाटून आलीये."

"पुढचा शब्द लांब होता," थोरली म्हणाली. "तो मोडता येत नाही. म्हणून आधीचे जवळ घेतले."

"मला इतकी वर्षं वाटायचं, इथे घाई झाली असेल."

"नाही. घाई कुठेच नाही केली."

त्याने मान हलवली आणि पुढे वाचलं. भाग लांब होता. अण्णांचे पाय भरून आले, पण ते बसले नाहीत. शेवटचा शब्द झाल्यावर धाकट्याने गुंडाळी मिटली, पट्टी बांधली, टाक पुसून कप्प्यात ठेवला. डोळ्यांना बाही लावली, तीही घाईघाईने, घाम पुसल्यासारखी.

"आत्या," तो म्हणाला, "भूक लागलीये. चार ताटं घे."